रक्ती हगवण परत परत का येते? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दगावणाऱ्या पिल्लांसाठी

पिल्ले तीन आठवड्यांची होईपर्यंत सगळे व्यवस्थित चाललेले असते. खातात, पळतात, पंख भरू लागतात. मग एका सकाळी दोन-तीन पिल्ले पिसे फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी दिसतात. गादीवर (पिल्लांखाली अंथरलेल्या भुशा-तुसाच्या थरावर) लाल विष्ठा दिसते आणि दुसऱ्या दिवशी एक पिल्लू मेलेले सापडते. धावपळ करून औषध आणले जाते, पाण्यातून दिले जाते, मर थांबते. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. नाहीतर ही बॅच कशीबशी निभावते आणि पुढची बॅच नेमकी त्याच वयात आजारी पडते.

घरामागे दहा-वीस कोंबड्या सांभाळणाऱ्यांकडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच. अशा वेळी लोक औषध बदलतात, मग पुन्हा बदलतात. औषध बहुतेक वेळा योग्यच असते. ते पिल्लाच्या आतड्यातल्या रोगजंतूवर काम करते, पण पायाखालच्या गादीत जे पसरलेले असते त्याला हातही लावत नाही. गादी ओली राहिली तर रोग परत येणार.

आधी खात्री करा

रक्त दिसले की कॉक्सीडिओसिस (आयमेरिया या आतड्यातल्या परजीवीमुळे होणारी रक्ती हगवण) असे धरून चालणे बहुतेकदा बरोबर ठरते, तरी दोन गोष्टींत फसगत होते. कोंबडी दिवसातून काही वेळा चॉकलेटी रंगाची, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकते. ती आंधळ्या आतड्यातून, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या बंद नळ्यांतून, येते आणि अगदी निरोगी असते. आठ-दहा नेहमीच्या विष्ठांमागे अशी एखादी दिसणारच. तसेच कधीमधी विष्ठेत आतड्याच्या अस्तराचा नारिंगी-गुलाबी तुकडा दिसतो. पिल्लू चपळ असेल, खात असेल, तर एखाद्या तुकड्यामुळे घाबरू नका. काळजीचे लक्षण म्हणजे ताजे लाल रक्त, पातळ किंवा शेंबडी विष्ठा, आणि सोबत सुस्ती.

रात्री पिल्लांच्या झोपायच्या जागी कागद अंथरा आणि सकाळी तो उजेडात न्या. गादीवर न दिसणारे रक्त कागदावर लगेच दिसते. मग सुस्त पिल्लू हातात घ्या. छातीचे हाड बोटाला टोचते का? पाय आणि चोच फिकट पडली आहेत का? गळ्याखालची खाद्याची पिशवी रिकामी आहे का? आतड्यातून रक्त गेलेले पिल्लू हातात हलके लागते आणि त्याचे पाय पांढुरके दिसतात.

मेलेले पिल्लू असेल तर पशुवैद्यकाकडून उघडून घ्या, यात वेळ घालवू नका. आतड्याच्या शेवटी दोन बंद नळ्या असतात. निरोगी पिल्लात त्यांत तपकिरी चिखलासारखा मळ असतो. आयमेरिया टेनेला ही जात असेल तर त्या नळ्या फुगून गडद लाल झालेल्या असतात आणि कापल्यावर आत रक्त किंवा गोठलेल्या रक्ताच्या गाठी निघतात. एवढे दिसले की शंका उरत नाही. मात्र बाहेर रक्त न दिसताही हा रोग असू शकतो. कोंबड्यांत आयमेरियाच्या प्रमुख सात जाती सापडतात आणि प्रत्येक जात आतड्याचा वेगळा भाग धरते. काही जातींत रक्त पडतच नाही, फक्त वाढ खुंटते, विष्ठा पातळ आणि चिकट होते, खाद्य न पचता बाहेर पडते. अशा वेळी ताज्या विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे हाच खरा मार्ग.

याच वयात गंबोरोही येतो, साधारण तीन ते सहा आठवड्यांत. त्यात विष्ठा पांढरी-पाणचट असते, पिल्ले आपल्याच गुदद्वाराला टोचतात, थरथरतात आणि रोग झपाट्याने सगळ्या बॅचभर पसरतो. हा विषाणूचा आजार, त्यावर औषध नाही, फक्त आधीचे लसीकरण. मान वाकडी होणे, हिरवी हगवण, धाप लागणे असे एकत्र दिसले तर मानमोडीचा संशय घ्या. पहिल्या दोन आठवड्यांतच पांढरी हगवण लागून पिल्ले मरत असतील तर ती बहुधा अंड्यातूनच आलेली साल्मोनेलाची लागण असते. ती पिल्ले जिथून आली तिथे प्रश्न आहे, तुमच्या गादीत नाही. आणि पहिल्या काही दिवसांत फक्त गुदद्वाराला विष्ठा चिकटून ते बंद होत असेल, तर ते कोमट पाण्याने भिजवून हळूच काढा, कोरडे करा आणि ब्रूडरची (पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याच्या जागेची) ऊब तपासा. ओढून काढलेत तर कातडी फाटते.

रोगाचे वेळापत्रक

हे वेळापत्रक एकदा समजले की पुढचे सगळे आपोआप सुचते.

आजारी किंवा वरून ठणठणीत दिसणारी पण रोग बाळगणारी कोंबडी विष्ठेतून आयमेरियाची अंडी टाकते. ही अंडी त्या क्षणी निरुपद्रवी असतात. ती रोगकारक होण्यासाठी ऊब, ओल आणि हवा लागते. तिन्ही मिळाले तर एक-दोन दिवसांत ती तयार होतात. पिल्लू गादी टोचत असताना ती गिळते. आत परजीवी आतड्याच्या पेशींत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो, पुन्हा नव्या पेशींत शिरतो. टेनेला जातीत रक्त दिसायला लागते ते गिळल्यानंतर साधारण पाचव्या दिवशी. सहा-सात दिवसांनी तेच पिल्लू स्वतः विष्ठेतून नवी अंडी टाकू लागते, आणि गिळलेल्या एका अंड्यामागे हजारोंनी.

ब्रूडरमध्ये आणलेल्या पिल्लांची पहिली फेरी कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण गिळलेली अंडी थोडी असतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत गादी अंड्यांनी भरते आणि नेमका तिसरा-चौथा आठवडा उजाडलेला असतो. म्हणून रोग याच वयात दिसतो.

तेव्हा रक्त दिसले की आजचे कारण शोधू नका. आठवडाभर मागे जा. त्या दिवसांत पाण्याचे भांडे उलटले होते का? पावसाची झड आत आली होती का? पिल्ले नव्या जागी हलवली होती का? बाहेरून एखादी कोंबडी आणून जवळ ठेवली होती का? मला आजवर दिसलेल्या प्रकरणांत यांपैकी एका तरी प्रश्नाचे उत्तर हमखास ‘हो’ निघाले आहे.

आत्ता काय करायचे

आजारी पिल्ले वेगळी, उबदार, कोरड्या जागी ठेवा, पण औषध सगळ्या बॅचला द्या. जी आज नीट दिसतात त्यांच्याही आतड्यात परजीवी असतो, आणि औषधाचा खरा फायदा त्यांनाच होतो. अँप्रोलियम हे सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध. ते परजीवीच्या सुरुवातीच्या अवस्थांवर काम करते. ज्या पिल्लाला रक्त सुरू झाले आहे त्याच्या आतड्याची हानी होऊन गेलेली असते. म्हणून औषध सुरू केल्यावरही पहिले एक-दोन दिवस मर चालू राहू शकते. त्यावरून औषध लागू पडत नाही असे ठरवून दुसऱ्या दिवशी ते बदलू नका.

मात्रा पाकिटावरच्या टक्केवारीवरून काढावी लागते आणि इथेच गोंधळ होतो. लक्ष्य असते पिण्याच्या पाण्यात ०.०२४ टक्के अँप्रोलियम. २० टक्क्यांची पावडर असेल तर एका लिटरला १.२ ग्रॅम. ९.६ टक्क्यांचे द्रावण असेल तर लिटरला २.५ मिली. हे पाच दिवस. त्यानंतर चौथाई मात्रा, म्हणजे २० टक्क्यांच्या पावडरची लिटरला ०.३ ग्रॅम, आणखी एक ते दोन आठवडे. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. पाच दिवसांत पिल्ले टुणटुणीत दिसू लागतात आणि पाकीट कपाटात जाते. रोग परत येण्याचे पहिले मोठे कारण हे. चमच्याच्या अंदाजाने देऊ नका, छोटा वजनकाटा वापरा. पाणी रोज नवे करा.

औषधाचे पाणी हेच एकमेव पाणी असले पाहिजे. आवारात डबके असेल, गळका नळ असेल, दुसरे भांडे असेल, तर पिल्ले तिथलेच पितात. सुस्त पिल्लू भांड्यापर्यंत जातच नाही, त्याला दिवसातून अनेकदा ड्रॉपरने तेच पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब लावून पाजा, घशात ओतू नका. आजारी पिल्लू खाद्य आधी सोडते आणि पाणी नंतर, म्हणूनच खाद्यातून औषध देऊन साथ आटोक्यात येत नाही.

अँप्रोलियम परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन मारते. त्यामुळे औषधाच्या काळात बी-१ असलेले मल्टिव्हिटॅमिन पाण्यात टाकू नका, परिणाम कमी होतो. औषध संपल्यावर जीवनसत्त्वे जरूर द्या. अ जीवनसत्त्व आतड्याचे अस्तर भरून यायला उपयोगी आणि के जीवनसत्त्व रक्त गोठायला. के तर रक्त पडत असतानाही देता येते, फक्त ते बी-१ नसलेल्या उत्पादनातून द्यायला हवे.

अँप्रोलियम पूर्ण मात्रेत देऊनही फरक पडला नाही तर पशुवैद्यक टॉल्ट्राझुरिल किंवा सल्फा गटातले औषध सुचवतील. टॉल्ट्राझुरिल परजीवीच्या जास्त अवस्थांवर चालते आणि दोन दिवसांचाच कोर्स असतो. पण ही औषधे अंडी देणाऱ्या कोंबड्यांना आणि अंड्यावर येऊ घातलेल्या तलंगांना देऊ नयेत, कारण अंश अंड्यात उतरतो. सल्फाची मात्रा वाढली तर विषबाधाही होते. कोणतेही औषध असो, त्यानंतर अंडी-मांस किती दिवस वापरायचे नाही ते पाकिटावर वाचा आणि पाळा.

एन्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके आयमेरियावर चालत नाहीत. तो जीवाणू नाही, एकपेशीय परजीवी आहे. फाटलेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियमसारखे जीवाणू शिरले तर पशुवैद्यक जोडीला प्रतिजैविक देतील, ती वेगळी गोष्ट. हळद, लसूण, व्हिनेगर यांनी पिल्लाला अपाय होत नसेल, पण रक्त पडत असताना त्यांच्या भरवशावर घालवलेले दोन दिवस फार महाग पडतात.

गादी

आता मुख्य काम. पाण्याचे भांडे उचला आणि त्याखालची गादी हाताने उकरा. वरून कोरडी दिसणारी गादी तिथे खपल्यासारखी जमून बसलेली असते. खपली उचलली की खालून गरम, ओली वाफ आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येतो. ऊब, ओल, हवा असे तिन्ही तिथे एकत्र सापडते. बाकीची गादी कितीही स्वच्छ असो, रोगाचा कारखाना या हातभर जागेत चालतो, कारण दिवसातून सर्वांत जास्त वेळा पिल्ले याच जागी उभी राहतात, विष्ठा टाकतात आणि टोचतात.

औषध सुरू करायच्या दिवशीच ही ओली खपली पूर्ण काढून बाहेर टाका आणि तिथे कोरडा भुसा किंवा तूस घाला. मग रोज सकाळी भांड्याभोवतीची गादी हाताने पाहायची. मूठभर गादी घट्ट आवळा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ती जास्त ओली. हळूहळू सुटून पडली तर ठीक. अजिबात चिकटली नाही आणि धूळ उडाली तर जास्त कोरडी, श्वासाला त्रास देणारी. चांगल्या गादीत ओल साधारण २० ते २५ टक्के असते, मुठीची परीक्षा तेवढे सांगायला पुरते.

भांडे गादीवर थेट ठेवू नका. जाळीच्या चौकटीवर ठेवा, म्हणजे सांडलेले पाणी जाळीखाली जाते आणि पिल्लाचे पाय व चोच त्या ओलीपर्यंत पोहोचत नाहीत. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला असावी. पिल्ले वाढतात तशी ती दर चार-पाच दिवसांनी वर न्यावी लागते, नाहीतर पिल्ले त्यात पाय घालतात आणि विष्ठाही टाकतात. निप्पल (चोचीने टोचले की थेंब थेंब पाणी देणारी तोटी) लावता आले तर उत्तमच. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही महागड्या औषधाने पडलेला मी पाहिलेला नाही.

ब्रूडरच्या उबेचाही इथे संबंध आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या पातळीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी. ऊब कमी पडली की पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून बसतात आणि सगळी विष्ठा त्याच जागी पडते. जास्त झाली की पंख पसरून, चोच उघडी ठेवून कडेला जातात आणि पाणी जास्त पितात, सांडतात. एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसरीकडून वारा येतो आहे. जागाही द्या. चार आठवड्यांपर्यंत पिल्लामागे निदान अर्धा चौरस फूट, आठ आठवड्यांपर्यंत एक. मागच्या बॅचला पुरला म्हणून तोच खोका दुप्पट पिल्लांना पुरत नाही.

दर बॅचला त्याच वयात होत असेल तर

एका बॅचनंतर दुसरी येईपर्यंत आयमेरियाची अंडी त्या जागेत जिवंत राहतात. ओलसर, सावलीच्या मातीत तर महिनोन्‌महिने. नेहमीचे फिनेल, ब्लीचिंग पावडर यांनी त्यांचे कवच भेदले जात नाही, त्यामुळे वास येईपर्यंत फिनेल मारूनही पुढची बॅच आजारी पडते. त्यांना मारते ती उष्णता, पूर्ण कोरडेपणा आणि अमोनिया.

जुनी गादी सगळी काढा. तळ खरवडा, कारण वाळलेल्या विष्ठेच्या थराखाली पाणी पोहोचत नाही. धुवा. मग उकळते पाणी भांड्यांवर, जाळीवर, कोपऱ्यांत ओता. सिमेंट किंवा लोखंड असेल तर ज्योत फिरवा, लाकूड आणि प्लॅस्टिक सोडून. १० टक्के अमोनियाचे द्रावण वापरायचे तर पक्षी बाहेर, दारे उघडी, तोंडावर योग्य मास्क, आणि ब्लीचिंगसोबत कधीही नाही, त्यातून विषारी वायू तयार होतो. शेवटी जागा उन्हात खडखडीत वाळू द्या आणि काही दिवस मोकळी ठेवा. काढलेली गादी पिल्लांपासून लांब ढीग करून कुजवा. ढिगाच्या मध्यावर ५५ अंशांच्या वर उष्णता चढली तर तिथली अंडी मरतात. कडेचा भाग पुन्हा आत लोटावा लागतो.

एक गोष्ट उलट वाटेल. सगळे निर्जंतुक करून पिल्लांना परजीवी अजिबात भेटू द्यायचा नाही, हे ध्येय ठेवू नका. थोड्या अंड्यांशी दोन-तीन फेऱ्या संबंध आला की पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार होते आणि ती टिकते. खुडूक कोंबडीखाली, कोरड्या मोकळ्या जागेत वाढलेली पिल्ले बहुतेकदा याच वाटेने रक्त न पडताही निभावतात. आपल्याला कमी करायचा आहे तो पिल्लू गिळते त्या अंड्यांचा डोस, आणि तो कमी होतो कोरडेपणाने. ही प्रतिकारशक्ती मात्र ज्या जातीची लागण झाली त्या जातीपुरतीच असते. म्हणून एकदा बरी झालेली बॅच दुसऱ्या जातीने पुन्हा आजारी पडू शकते. गंबोरो किंवा मरेक्स या विषाणूच्या आजारांनी शरीर कमजोर केले असेल तर कॉक्सी वारंवार डोके वर काढते. गादी खरोखर कोरडी आहे, औषध पूर्ण दिले आहे, तरीही रोग हटत नाही, अशा वेळी लसीकरणाची वही तपासा.

बाहेर सोडल्यावर आठवड्याने

ब्रूडरमध्ये ठणठणीत असलेली पिल्ले आवारात सोडली आणि सहा-सात दिवसांनी पडली, तर कारण जमिनीत आहे. मोठ्या कोंबड्या स्वतः निरोगी राहून विष्ठेतून आयमेरियाची अंडी टाकत असतात. पिल्लांना मोठ्यांच्या जुन्या आवारात एकदम सोडू नका. वेगळा, उन्हाचा, उताराचा कोपरा द्या, जिथे पाणी साचत नाही. सुरुवातीला दिवसातून थोडा वेळ, दव सुकल्यावर. त्याआधी आवारातल्या मूठभर कोरड्या मातीची ओळख ब्रूडरमध्येच करून दिली तर काही पिल्लांना फायदा होतो, पण ज्या आवारात नुकतीच साथ होऊन गेली तिथली माती आणू नका. कामाचा क्रमही लक्षात ठेवा: आधी पिल्ले, मग मोठ्या कोंबड्या, शेवटी आजारी पक्षी. चपलेच्या तळव्याला चिकटलेली विष्ठा ब्रूडरपर्यंत पोहोचायला तेवढेच पुरते, म्हणून पिल्लांसाठी वेगळी चप्पल ठेवा.

औषधी खाद्य आणि लस

स्टार्टर खाद्यात आधीच कॉक्सीविरोधी घटक असू शकतो. पोत्यावरचे लेबल वाचा. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन यांसारखे घटक असलेले खाद्य घोड्यांना प्राणघातक ठरते, आणि सॅलिनोमायसिन टर्कीलाही. त्यामुळे एकाच आवारात असे प्राणी असतील तर खाद्य वेगळे आणि झाकून ठेवा. पिल्लांना कॉक्सीची लस दिलेली असेल तर असे औषधी खाद्य किंवा पाण्यातून अँप्रोलियम देऊ नका. लसीत जिवंत परजीवीच असतो आणि औषध त्यालाच मारते. खाद्यातला प्रतिबंधक डोस साथ आल्यावर उपचाराला पुरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

बरी झालेली पिल्ले काही आठवडे मागे राहतात, वजन हळूहळू भरते. त्यांना दुसऱ्याच्या कळपात देऊ नका, ती बराच काळ विष्ठेतून परजीवीची अंडी टाकत राहू शकतात. आणि एका दिवसात अनेक मोठे पक्षी अचानक मेले, तुरे आणि चोचीखाली लोंबणारे गलोल निळे पडले, चेहरा सुजला, तर हा लेख बाजूला ठेवा. मेलेले पक्षी हाताने उघडू नका, बाकीचे कुठे हलवू नका आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.